डावखुऱ्या डेलमारचा ग्लोव्ह

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो बेसबॉलचा एक कातडी ग्लोव्ह. वय एकोणीस वर्षं. माझ्या वाद्या तीनदा बदलल्या आहेत, तळवा काळा पडलाय आणि अंगठ्याच्या शिवणीपाशी उंदराने भोक पाडलंय.

मिसुरीतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या बाईंनी माझ्या वाद्या ओवल्या, त्या आधी वैतागल्याच. "हा मेला उलटा आला!" म्हणाल्या. कारण मी डावखुऱ्यासाठी होतो. डावखुरा डाव्या हाताने चेंडू फेकतो आणि ग्लोव्ह उजव्या हातात घालतो. त्यातून मी पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा. बोटांच्या मधली माझी वीण घट्ट बंद होती. आत चेंडू कसा धरलाय ते समोरच्या फलंदाजाला दिसू नये म्हणून.

मला विकत घेतलं डेलमार स्टॅकहाउसने. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधून आलेला ताडमाड मुलगा. त्याने माझ्यात चेंडू ठेवला, माझं कातडं वळावं म्हणून पट्ट्याने मला करकचून बांधलं आणि महिनाभर गादीखाली घेऊन झोपला. त्याची होणारी बायको नॅडीन हसून म्हणाली, "लग्न कोणाशी करतोयस ते एकदा ठरव बाबा."

डेलमार मधल्या वेळेचा पिचर होता. सामना सुरू करणारा वेगळा, शेवट करून टाळ्या घेणारा वेगळा. नऊपैकी सातव्या-आठव्या डावात कोणी अडचणीत आलं की कुंपणापलीकडच्या आमच्या बाकाजवळचा फोन वाजायचा. डेलमार उठायचा, हात गरम करायचा, आणि पुष्कळदा त्याला न बोलावताच फोन पुन्हा वाजायचा: "राहू दे, बस खाली." तो बसायचा. सूर्यफुलाच्या बिया चघळायचा. मी त्याच्या मांडीवर.

अशी चौदा वर्षं गेली. नऊ गावं झाली, सगळी धाकट्या संघांची, जिथे मोठ्या संघातून बोलावणं यायची वाट बघायची. रात्ररात्र बसचा प्रवास, मोटेलमधलं डब्यातलं सूप. एकदा ओमाहात, तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, समोरचे गडी उभे असताना, त्याने ओळीने तिघांना बाद केलं. मॅनेजर टोबिन म्हातारा, पण धावत आला आणि त्याने चक्क माझा मुका घेतला. "डेल, तू घरी जा. उद्यापासून हा ग्लोव्हच खेळेल!" नऊ दिवसांनी त्याच टोबिनने त्याला खोलीत बोलावलं. "तुझ्या जागी नवीन पोरगा पाठवलाय वरून. माझ्या हातात काही नाही, गड्या." डेलमारने मला पिशवीत भरलं. कोणावर रागवायचं ते त्यालाही कळलं नाही.

पस्तिसाव्या वर्षी त्याचं कोपर दुखायला लागलं. टोलेडोच्या संघात त्याचे चेंडू झेलणारा कॅचर होता रामिरो उर्बिना. व्हेनेझुएलाचा, गोलमटोल आणि बडबड्या. त्याला पहिल्यांदा कळलं.

"डेल, तुझा चेंडू पूर्वी फाडकन यायचा. आता थपकन येतो. काय झालंय?"

"तुझे कान म्हातारे झालेत."

"कान माझे, पण कोपर तुझं. जाऊन सांग त्यांना."

"सांगितलं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. आणि तू पण गप्प बसायचंस. शपथ आहे तुला."

रामिरो गप्प बसला. मीही, कारण मला दुसरं काय येत होतं? रोज सकाळी मोटेलच्या न्हाणीघरात डेलमार हात बर्फात बुडवायचा आणि दात-ओठ खायचा. मी बेसिनच्या कडेला पडून ते पाहायचो.

ऑगस्टात मोठ्या संघाचा डावखुरा पिचर जखमी झाला आणि डेलमारला बोलावणं आलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्याने नॅडीनला फोन केला, पण त्याला बोलताच येईना. शेवटी तीच ओरडली, "अरे, मेलं कोण? बोल ना!" मग ऐकून तीही रडायला लागली. सात तास गाडी चालवत ती त्यांच्या मुलीला घेऊन सामना बघायला आली.

आठवा डाव. बरोबरीचा सामना. तिन्ही बेसवर समोरचे गडी, दोघे बाद, आणि पुढे डावखुरा फलंदाज, ज्याला डावखुऱ्याचाच चेंडू अवघड जातो. फोन वाजला. या वेळी तो खाली बसवण्यासाठी वाजला नव्हता.

तीस हजार माणसांसमोर डेलमार मैदानाच्या मधल्या, चेंडू फेकायच्या उंचवट्यावर उभा राहिला. त्याने डावा हात माझ्यात घातला. माझ्या आत त्याची बोटं चेंडूची शिवण शोधत होती, आणि ती त्यांना सापडत नव्हती. बोटं बधिर झाली होती. हे फक्त मला ठाऊक होतं. ओरडावंसं वाटलं, पण कातड्याला आवाज कुठून येणार?

पहिला चेंडू अचूक पडला. दुसराही. असाच आणखी एक पडला की फलंदाज बाद. लोक उभे राहिले. तिसऱ्या वेळी हात फिरला आणि कोपरात वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. चेंडू कॅचरच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेला. तिसऱ्या बेसवरचा गडी धावत फलंदाजाच्या जागी पोहोचला आणि धाव झाली. त्या एका धावेने सामना गेला. लोकांनी आधी आरडाओरडा केला, मग डेलमार गुडघ्यांवर बसलेला दिसला तेव्हा सगळे हळूहळू खाली बसले. लोंबणारा डावा हात त्याने माझ्यात धरला होता. मी तो धरून ठेवला. त्याहून जास्त मला काही जमलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"

"अं... थोडे दिवस."

"खरं सांग, डेल," नॅडीन म्हणाली.

"जूनपासून."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तेव्हाच आला असतात तर काहीतरी करता आलं असतं."

त्या हाताने पुन्हा काही फेकता आलं नाही. डेलमार गावी परतला आणि शाळेची बस चालवू लागला. मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे. थंडीत तडकलो, उन्हाळ्याच्या दमट हवेत ओलावलो, उंदराने कुरतडलं. पाच वर्षं त्याने मला हात लावला नाही. नॅडीन चर्चच्या विक्रीत मला देऊ लागली तेव्हा मात्र म्हणाला, "तो नको." बस, तेवढंच.

गेल्या ऑक्टोबरात रामिरो आला. आता त्याचं टायरचं दुकान आहे, आणि पोट आणखी वाढलंय. आल्या आल्या त्याने विचारलं, "कुठंय आपला म्हातारा?" मला शोधून काढलं, तेल चोळलं आणि डेलमारच्या उजव्या हातात घातलं. "चल, अंगणात."

"मला फेकता येत नाही."

"झेलता तर येतं?"

रामिरोने हळूच चेंडू टाकला. मी झेलला. किती वर्षांनी तळव्यात चेंडू बसला! पण तो परत कसा द्यायचा? डेलमार चेंडू घेऊन चालत अंगणाच्या पलीकडे गेला आणि तो रामिरोच्या हातात ठेवून परत आला. रामिरोने पुन्हा टाकला. डेलमार पुन्हा चालत गेला.

"वा, घरपोच सेवा आहे!" रामिरो म्हणाला. डेलमार हसला. पाचव्या फेरीला मात्र रामिरोने चेंडू घ्यायला हात पुढे केला नाही. "मी तेव्हा मॅनेजरला सांगायला हवं होतं, डेल."

"गप्प मीच बसवलं होतं तुला," डेलमार म्हणाला आणि चेंडू त्याच्या हातात दिला. "टाक. अजून उजेड आहे."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचा हात लावा, हे तर मी सांगणारच. पण तुमचं काही दुखत असेल, किंवा तुमच्या माणसाचं दुखतंय हे तुम्हाला कळलं असेल, तर आजच कोणाला तरी सांगा. शपथ घातली असेल तरी सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.