डब्यावरची ज्वाळा

“हात पुसा की, मामा.”

एवढंच वाक्य. माघातल्या एका सकाळी ऐकलेलं. त्यावरून पावसाळा येऊन गेला, गुडघ्याएवढा ऊस डोक्यावर गेला, दसरा सरला. पण ज्ञानू गुळव्याच्या कानातून ते वाक्य काही निघालं नाही. भाकरी मोडताना ऐकू यायचं, बैलाला पाणी दाखवताना ऐकू यायचं. शिवानंदचा आवाजच मुळात मऊ. चुलवाणाच्या भट्टीत उसाची चिपाडं सारता सारता, धुरानं चुरचुरणारे डोळे मनगटानं पुसत तो हसून म्हणाला होता. दुपारी तो या जगात नव्हता.

आज गुऱ्हाळापुढच्या गर्दीत अगदी मागं उभं राहून ज्ञानूनं नकळत उजवा हात धोतराला पुसला.

कोडोलीच्या शिवारातलं अण्णांचं गुऱ्हाळ. मंगळवार होता आणि सकाळपासून माणूस लोटलं होतं. कुणी बैलगाडीनं आलं, कुणी एसटीतून उतरून बांधाबांधानं आलं. उचगावाहूनसुद्धा पावणे आले होते. जळक्या खोलीच्या काळ्या भिंतीपुढं शेणानं सारवलेला चौक, त्यावर रांगोळी आणि मधे भस्मेबुवा. श्रावणात हे बुवा कुठून आले ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण आल्या दिवसापासून त्यांना गावातलं सगळं ठाऊक होतं.

“ह्यो अग्नी काडीचा न्हवं, पेटीचा न्हवं,” बुवा गरजत होते. “ह्यो देवी आईच्या पोटातला अग्नी. पाण्यानं इस्तू इझतो म्हंता? पाप असलं की त्योच इस्तू पाण्यानं पेटतो.”

आईच्या पोटात एवढा अग्नी असताना विडी पेटवायला मात्र बुवांना दर वेळी दुसऱ्याकडं काडी मागावी लागे. ते कुणाच्या ध्यानात येत नसे.

चमत्कार असा. बुवा पितळी ताटलीत चिमूटभर चिपाडाचा भुसा आणि त्यावर पांढरं भस्म ठेवत. शंखातून चार थेंब तीर्थ सोडत. मग मंत्र. मंत्र भलताच लांब. साती आसरांपासून सुरू होऊन वाटेतला एकेक म्हसोबा, एकेक पीर गोळा करत तो यायचा. तो संपत आला की ताटलीतून धूर निघे, नाकात झोंबणारा उग्र वास सुटे आणि भुसा भक्कन पेटे. लोक खोकत खोकत हात जोडत.

ज्ञानूही जोडत असे. पण तो वास नाकात शिरला की तो दोन पावलं मागं सरके. तो वास त्याच्या ओळखीचा होता.

गेल्या हंगामापासून अण्णांच्या गुऱ्हाळात पत्र्याच्या डब्यातून एक पांढरी पावडर येऊ लागली होती. हैड्रोस म्हणत तिला. रस आटवायच्या काहिलीत मूठभर टाकली की काळसर रस उजळायचा आणि गुळाची ढेप पिवळीधमक निघायची. व्यापाऱ्याला तसाच गूळ हवा असे. डब्यावर कागद चिकटवलेला, त्यावर टोकावर उभा केलेला चौकोन. चौकोनाचा वरचा भाग पांढरा, खालचा तांबडा आणि पांढऱ्यात एक काळी ज्वाळा. खाली इंग्रजी. ते इंग्रजी गुऱ्हाळात कुणी वाचलं नाही. डबा रिकामा झाला की बाया तो धान्याला घरी न्यायच्या. कुणा भाबडीनं त्या ज्वाळेला आईची ज्योत समजून कुंकूही लावलं होतं.

गुळव्याचं काम हाताचं असतं. पाक आला का ते बघायला गुळव्या बोटं गार पाण्यात बुडवतो, उकळत्या काहिलीतला पाक उचलतो, पुन्हा पाण्यात बुडवून गोळी वळते का बघतो. कोरडा हात घातला तर कातडं सोलून निघेल. ओला हात हीच गुळव्याची विद्या. आणि ज्ञानूचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. त्याच हातानं तो डब्यातली पावडर उचलायचा.

शिवानंद चुलवाणावरचा गडी. कोल्हापूरच्या गूळबाजारात गेला असताना त्यानं एका दुकानात त्या चित्राचा अर्थ विचारला होता. आल्यावर त्यानं सांगितलं. ज्ञानूनं त्याला उडवून लावलं होतं, की हात पुसून गूळ हुतोय व्हय, बाजारात जाऊन शाणा झालास काय.

माघातल्या त्या दिवशी दुपारी बसव्वा, शिवानंदची बायको, भाकरी आणि पाणी घेऊन आली. शिवानंद रात्रभर चुलवाण सारून मागच्या खोलीत चिपाडांच्या गंजीमागं झोपला होता. खोलीत पावडरीचा डबा होता आणि डब्यातून धूर निघत होता. बाई काय करील? कुणीही जे करील तेच तिनं केलं. डोक्यावरची कळशी उतरवली आणि डब्यावर ओतली. कळशीभर पाण्यानं आग विझायच्या ऐवजी उसळली. चिपाडं पेटली, दार धुरानं भरलं. आत शिरणाऱ्या बसव्वाला चौघांनी ओढून धरलं होतं.

तेव्हापासून ती फारशी बोलत नसे. तिन्हीसांजेला दारात बसून हलक्या आवाजात एकच ओवी म्हणायची:

*कळशी गं पाण्याची, ओतली गार म्हणून*
*कपाळीचं माझं कुंकू, गेलं धुरात निघून*

ज्ञानूचं घर तिच्या घरासमोरच. ओवी सुरू झाली की तो गोठ्यात जाऊन उभा राही.

बुवांनी आल्या आल्या कौल दिला, की ही बाई विटाळात असताना गुऱ्हाळाचा उंबरा ओलांडून गेली, म्हणून आईनं पाण्यातनं अग्नी काढला. ही गावात असेतो चुलवाण पेटवलं तर पुन्हा बळी जाईल. हंगाम तोंडावर आलेला, ऊस उभा. लोकांना कारण हवं होतं, ते मिळालं. ज्ञानूला बुवांचं म्हणणं पटलं नव्हतं. ते त्याला सोयीचं होतं. देवीनं जाळलं असेल, तर त्याच्या हातानं जाळलं नव्हतं.

आजचा बेत तोच. पाच बायांपुढं पाच ताटल्या. जिच्या हातचं तीर्थ पेटेल ती पापीण. पेटलं की बसव्वानं आजच्या आज लेकीला घेऊन राज्याच्या सीमेपलीकडं माहेरी निघायचं, परत यायचं नाही. तिचं घर बुवांच्या मठाला मिळणार होतं. बसव्वानं कशालाच नाही म्हटलं नव्हतं. बोचकं बांधूनच ती आली होती आणि लेक तिच्या पदराला धरून उभी होती.

चार बायांनी पाणी ओतलं. काही झालं नाही. त्या सुटल्यासारख्या मागं सरकल्या. बसव्वा पुढं वाकली.

“थांब, बसव्वा.”

हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या लीलाबाई गर्दीतून पुढं आल्या. एका हातात वाळूची बादली, दुसऱ्या हातात पत्र्याचा रिकामा डबा. ज्ञानूनं डबा ओळखला. त्याचे कान तापले.

अण्णा पुढं झाले. बाई, तुमचं शाळंत चालवा, हिथं देवाचं चाललंय, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या की देवाचंच चालू दे, माझं मागणं एवढंच आहे. ताटल्या बदला. पाप बाईत असेल तर ते ताटली बदलून बदलायचं नाही.

बुवांनी डोळे वटारले. भस्म मंतरलेलं हाय, भलत्याचा हात लागला तर भस्म होईल, वगैरे वगैरे. तेवढ्यात पाणी ओतून मागं सरलेल्या चौघींतली झुंबरबाई काठी टेकत पुढं आली. गावातली सगळ्यात म्हातारी, अण्णांची चुलती. तिला अडवायची कुणाची छाती नव्हती.

“सर गं बसव्वा. तुझी ताटली मी घेते, तू माझ्या जागी बस,” ती म्हणाली. “लई दिस जगले. भस्म झाले तर तेवढंच सरपण वाचंल.”

कुणीतरी हसलं. म्हातारीनं ताटलीत पाणी सोडलं. बुवा मंत्र म्हणायला तयार होईनात, ओठ घट्ट मिटून बसले. लीलाबाईंनी सगळ्यांना चार पावलं मागं सारलं, वास घेऊ नका म्हणाल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पांढऱ्या भस्मातून धुराची रेघ निघाली, तोच वास सुटला आणि भुसा पेटला. मंत्राशिवाय.

“मला विटाळ व्हय?” झुंबरबाई बुवांकडं वळली. “अरं माझ्या म्हसोबा, पंच्याहत्तरी उलटली की माझी. वीस वर्सांमागं आला असतास तरी हिशेब चुकलाच असता तुझा.”

आता मात्र हसू आवरेना. आणि पलीकडं झुंबरबाईच्या ताटलीवर बसव्वानं ओतलेलं पाणी साध्या राखेत जिरून गेलं होतं. तिच्या हातानं काहीच पेटलं नव्हतं. ती आपल्या हाताकडं बघत राहिली, जणू तो हात तिला कुणीतरी आत्ताच परत दिला होता.

लीलाबाईंनी पेटल्या ताटलीवर वाळू ओतली. धूर बसला. मग त्यांनी डबा उंच धरला. तो त्यांना बसव्वाच्या घरी मिळाला होता, त्यात जोंधळे होते. ज्वाळेवरचं कुंकू त्यांनी पदरानं पुसलं.

“ही ज्योत देवीची नाही,” त्या म्हणाल्या. “कारखान्यात जी रसायनं होतात, त्यांच्या धोक्याचे नऊ वर्ग जगभर ठरवलेत. कुठलं फुटतं, कुठलं पेटतं, कुठलं विषारी, कुठलं कातडं जाळतं. प्रत्येकाचं चित्र वेगळं. ही पावडर चौथ्या वर्गातली.”

“चवथीत हाय व्हय,” कुणीतरी पुटपुटलं, “आमच्या पोराच्या पुढं गेली की.”

बाई हसल्या नाहीत. “चौथ्या वर्गात तीन प्रकार. एक, आग लावली की जळणारं. दुसरं, आपोआप तापून पेटणारं. तिसरं, पाणी लागलं की पेटणारा वायू सोडणारं. ही दुसऱ्या प्रकारातली. हिला थोडा ओलावा लागला की ती आतल्या आत तापत जाते, विषारी धूर सोडते आणि जवळ भुसा, चिपाड असेल तर पेटवते. हे तापणं एका क्षणात होत नाही. म्हणून तर बुवांचा मंत्र एवढा लांब. चार ताटल्यांत राख होती, पाचवीत तुमच्या गुऱ्हाळात वापरतात तीच हैड्रोस. खाली इंग्रजीत सगळं लिहिलंय: कोरड्या जागी ठेवा, पाण्यापासून जपा, आग लागली तर कोरड्या वाळूनं बुजवा. हे मराठीत एका माणसानं तुम्हाला वाचून दाखवलं असतं, तर शिवानंद आज चुलवाणावर असता.”

ज्ञानूनं मान खाली घातली.

बुवा झोळी आवरू लागले होते. दोघातिघांनी त्यांना तिथंच बसवलं आणि अण्णांनी पोलीस पाटलाला बोलवायला माणूस धाडला. झोळीत कागद सोललेला हैड्रोसचा एक डबा निघाला.

लीलाबाई बसव्वाजवळ गेल्या. आवाज खाली आला, पण गर्दी इतकी शांत होती की शेवटच्या माणसाला ऐकू गेला.

“तू पाणी ओतलंस, कारण आग पाण्यानं विझते हेच तुला ठाऊक होतं. त्यात पाप नाही. आणि तू येण्याआधीच डबा धुमसत होता. तूच सांगितलंस ना?”

“व्हय, बाई. धूर बघूनच मी...”

“मग ओलावा आधीच लागला होता.” त्या वळून सगळ्यांशी बोलू लागल्या. “कसा लागला ते मला माहीत नाही. चुकून लागला असेल. पण एवढं ध्यानात धरा. संकट आलं की कुणाच्या पापानं आलं हे विचारू नका, कसं आलं हे विचारा. डब्याला विचारा, जागेला विचारा, आपल्या हाताला विचारा. पाप शोधायला निघालात तर नेहमी कुणीतरी विधवाच सापडेल. कारण शोधाल, तर पुढचा माणूस वाचेल.”

लोक हळूहळू पांगायला लागले. अण्णा म्हणाले की आजपासून डबा वेगळ्या कोरड्या खोलीत ठेवू, वर मराठीत लिहून घेऊ. झुंबरबाईनं बसव्वाचं बोचकं स्वतःच्या काखेत मारलं आणि तिला घराकडं वळवलं. सगळं मार्गी लागलं होतं. ज्ञानू गप्प राहिला असता तर त्याला कुणी काही विचारणार नव्हतं. चुकून लागला असेल, असं बाईच म्हणाल्या होत्या.

बसव्वा त्याच्या समोरून चालली होती. तिनं नेहमीसारखा पदर सावरला आणि म्हणाली, “येते, मामा.”

शिवानंदही त्याला मामाच म्हणायचा.

“बसव्वा.”

ती थांबली. ज्ञानूनं उजवा हात पुढं केला. पाकानं भाजून भाजून गुळगुळीत झालेली, रेषा पुसलेली बोटं. पंचक्रोशीत नावाजलेला हात. तो तिच्याकडं बघू शकला नाही, हाताकडंच बघत राहिला.

“वला हात डब्यात ह्योच गेल्ता, पोरी. चुकून न्हाय. शिवानंदनं मला सांगितलं हुतं, की पाणी लागलं की पेटतंय. त्या दिशी सकाळीसुदिक म्हणाला, हात पुसा की, मामा.” त्यानं बोटं मुठीत मिटली. “मी हसलो. पुसला न्हाय.”