डाव्या कुशीवर

"चला, आता डाव्या कुशीवर," सिस्टर नेहमीसारखी म्हणाली. एक हात आजोबांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली. गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीला पावडर, चादरीची सुरकुती ओढून सपाट. मग ती शेजारच्या खाटेकडे वळली. तिथलं सलाईन संपत आलं होतं.

ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. वॉर्डात असे नऊ जण होते आणि सिस्टर एकटी. जोडीची बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिच्या जागी कोणी आलं नाही. तीन आठवडे ती मेट्रनकडे चार दिवस सुट्टी मागत होती. कुठे जायचं नव्हतं, फक्त झोपायचं होतं. "माणूस मिळू दे, मग बघू," हे उत्तर तिला पाठ झालं होतं.

लादी पुसता पुसता मावशी आजोबांपाशी थांबल्या. "सिस्टर, हे गेलेत की."

"आत्ताच तर वळवलं मी."

"मग गेलेल्यालाच वळवलंत. हात बघा, गार पडलाय."

डॉक्टर आले. तास तरी झाला असेल, म्हणाले. चूक कोणाचीच नव्हती. आजोबा आज-उद्याचेच सोबती होते. पण अख्ख्या वॉर्डात थट्टा करणारे ते एकटेच. सिस्टरला फौजदारीणबाई म्हणायचे. "हळू वळवा फौजदारीणबाई, आरोपी पळून जात नाही." रडू येतंय का, हे तिने जरा थांबून पाहिलं. आलं नाही. आजोबांच्या गुडघ्यांमधली उशी काढून तिने पलीकडच्या खाटेवर दिली. तिथे एक कमी होती.

मेट्रनने तिला खोलीत बोलावलं. "वळवताना कळलं नाही तुला?"

"नाही."

"अंग गार होतं ना?"

"असेल. माझे हात आपोआप चालतात हल्ली."

मेट्रनने ड्युटीचा तक्ता पुढे ओढला. "उद्यापासून चार दिवस घरी राहा."

"माणूस मिळालं?"

"नाही. मी उभी राहीन."

"तीन आठवडे मागत होते मी."

"तेव्हा तू ठीक दिसत होतीस गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा पहाटेच्या बसफेऱ्या आटोपून, जेवून आडवा झाला होता. सिस्टर त्याच्या शेजारी पडली. झोप लागेना. उठून बसली आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तिचा एक हात त्याच्या खांद्याखाली गेला, एक कमरेखाली.

"चला, डाव्या कुशीवर."

तो दचकून जागा झाला. गुडघ्यांमध्ये उशी बघून हसत सुटला. "अगं, जिवंत आहे मी अजून! एवढी काय घाई झालीय?"

ती हसली नाही. तिने तळहात त्याच्या नाकाखाली धरला.

"येतोय ना वारा, सिस्टर?"

"बोलू नका. श्वास सोडा."

त्याने सोडला. तळहाताला ऊब लागली असावी; लागायला हवी होती. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याचं हसू थांबलं.

"पुन्हा सोडा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा सोडला.