सुकाणूचा बोल्ट आणि दसऱ्याचे कुंकू

मित्रांनो, मी लोखंडाचा एक जुना बोल्ट आहे. माझी मान तुटली आहे आणि राग अजून शमलेला नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या भैंशाच्या लेथवर माझे आटे पडले. बासरला गोदावरीच्या, म्हणजे इथल्या लोकांच्या गंगेच्या, घाटावर देवाजी नावाड्याने आपल्या नावेत सुकाणूची लोखंडी पट्टी आवळायला मला बसवले. ती पट्टी सुटली, तर नावेला दिशा उरत नाही.

देवाजी दर दसऱ्याला माझी पूजा करी. हळद, कुंकू, वर नारळाचे पाणी. तेल मात्र दिव्यात जाई. माझ्या आट्यांना त्याचा थेंब कधी मिळाला नाही. पाणी आत मुरले, गंज चढला आणि मी पट्टीशी जखडलो. उतारू मला नमस्कार करत, तेव्हा माझ्या अंगाची आग होई.

वसंत पंचमीच्या आदल्या दिवशी पट्टीला तडा दिसला. दुसऱ्या सकाळी पैलतीरावरची मुले याच नावेने बासरच्या सरस्वतीपुढे अक्षराभ्यासाला, पाटीवर पहिले अक्षर गिरवायला, यायची होती. पट्टी बदलायची, तर मी निघायला हवा होतो. पाना फिरेना. देवाजीने चिडून घण घातला. माझी मान उडाली. धड आतच राहिले.

"तार गुंडाळतो, वैनी. उद्याचा दिवस निभते," तो म्हणाला.

नावेत निम्मी भागीदार असलेली त्याची विधवा वहिनी प्रयागबाई नाव बांधलेल्या दोरखंडावरच ठाण मांडून बसली. "कुंकू लावू लावू बोल्टाची नवरी केली तुमी, भाऊजी, अन् आता मान मोडून मोकळे!"

"देवीचं काम हाय. काऊन अडवून राह्यल्या?"

"देवीले पोहता येते. लेकराईले येते का?"

ती उठली नाही. अखेर देवाजीने तापलेली सळई मला टेकवली, कडेने तेल सोडले, हलके ठोके दिले. मग उरलेल्या बुंध्यावर करवतीने खाच पाडली, तीत छिन्नी अडकवली आणि मला आटा आटा फिरवत बाहेर काढले. पट्टी त्याच्या हातात आली, आणि हातातच तिचे दोन तुकडे झाले.

तेव्हा कुठे प्रयागबाई दोरखंडावरून उठली.

मित्रांनो, नमस्कार कमी करा, पण आम्हाला उघडून पाहा, पुसा, तेल द्या. ती पट्टी भर पात्रात तुटली असती, तर दोष कोणी देवाजीला दिला नसता. सगळे म्हणाले असते, गंगेने लेकरे नेली.