चरित्रातली पुष्पलता

साठी गाठल्यावर वडनेर भोलजीच्या अर्जुनरावांच्या लक्षात आलं, की आपल्यावर एकही पुस्तक नाही, हे गावाचं मोठं नुकसान आहे. निवृत्त शिक्षक प्रेमानंद सरांनी ते महिनाभरात भरून काढलं. चरित्रांवर सरांचा हात बसलेला होता; नावं बदलली की नवा थोर पुरुष तयार.

प्रकाशनाला गाव लोटलं, कारण जेवण होतं. वाचनालयाचं दर्शनी कपाट चरित्राच्या प्रतींनी भरलं. तिथल्या जुन्या कादंबऱ्या आणि जिल्ह्याचा इतिहास ग्रंथपाल योगिनीने मागे, झाडूशेजारी हलवला. तरीही चरित्र कुणी घरी नेईना. शेवटी, निदान सुरुवात व्हावी म्हणून अर्जुनरावांनी बायकोलाच धाडलं.

पुष्पाबाई लग्नाआधी खूप वाचायच्या. सासरी पुस्तक म्हणून पंचांग तेवढं मिळालं. त्यांनी चरित्र नेटाने वाचून काढलं. नवऱ्याने लहानपणी पुरात उडी घेऊन वासरं वाचवली होती, हे त्यांना नव्यानेच कळलं. स्वतः त्या एका ओळीत भेटल्या: 'पत्नी पुष्पलता यांची मोलाची साथ लाभली.'

जेवताना त्यांनी विचारलं, "तुमाले तं पोहता येत नाही. अन् हे पुष्पलता कोन व्हय?"

चरित्रात थोडं वाढवावंच लागतं आणि नाव छापखान्याने चुकवलं, असं अर्जुनरावांनी शांतपणे समजावलं.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईंनी प्रत परत केली आणि जरा खरं वाटेल असं काहीतरी मागितलं. योगिनीने गंभीरपणे एक कादंबरी काढून दिली. तिच्यातली सून चुलीपुढे बसून मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत होती. वाचता वाचता पुष्पाबाईंची भाजी करपली, आणि त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही. मग जिल्ह्याचा इतिहास आला. त्यात त्यांच्या माहेरच्या, धाड गावच्या बाजारावर दीड पान होतं. ते त्यांनी शेजारच्या कौशल्याबाईंना वाचून दाखवलं. हळूहळू दुपारी ओट्यावर बायका जमू लागल्या.

घरी चहा उशिरा मिळू लागला, पण ओट्यावरच्या वाचनाचा गावात बोलबाला झाला, तसे अर्जुनराव सभांमधून वाचनाचं महत्त्व सांगू लागले. प्रेमानंद सरांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी 'वाचन चळवळीचे जनक' हे प्रकरण लिहायला घेतलं. या खेपेला बायकोचं नावही दुरुस्त करू, असं अर्जुनराव उदार मनाने म्हणाले.

पुष्पाबाईंनी पुस्तकातून मान वर केली नाही. "राहू द्या. ते पुष्पलता तिथं बरी हाये. मले हे पान वाचू द्या."

वाचन चळवळीचे जनक चहा करायला स्वतःच आत गेले. मग साखरेचा डबा शोधू लागले.