यादीत नसलेला प्रश्न

"चूक!"

वेनिंगने लाकडी पळी पातेल्याच्या काठावर अशी आपटली की उकडलेल्या सोयाबीनचे दोन-चार दाणे उडून आईच्या मांडीवर पडले.

"बाळ पडलं तर काय करशील? नीट सांग. आणि मला मॅडम म्हण."

आईने, सुमार्तीने, दाणे उचलून केळीच्या पानात ठेवले, पान दुमडलं, काडी टोचली. आंबवायला ठेवायच्या तेंपेचं आणखी एक पुडकं टोपलीत गेलं. उद्या सकाळी दहाला, परदेशी घरकामाला बायका पाठवणाऱ्या एजन्सीच्या माणसाच्या फोनवर सिंगापूरची खरी मॅडम दिसणार होती. तिच्या प्रश्नांची यादी एजन्सीने आधीच दिलेली. वीस प्रश्न.

"बेबी फॉल, आय कॉल मॅडम."

"फॉल नाही, फेल! आणि वुड कॉल! किती वेळा घोकून घेऊ? बाळ पडलेलं नाहीये, आई. पडलं असं नुसतं समजायचं. तसं समजताना इंग्रजीत क्रियापदाला कालचे कपडे घालतात."

"अगं, जे घडलंच नाही ते कालचं कसं?" आई हसली. "ही माणसं आधीच रडून मोकळी होतात की काय? आपल्या बोलीचं बरं बाई. काल, आज, उद्या, क्रियापद आपलं एकाच सारोंगमध्ये!"

"हसू नकोस. पलीकडची सुलास्त्री अशीच हसत दोनदा नापास झाली."

नापास. शब्द तोंडातून निघाला आणि वेनिंगला तो गोड लागला. त्याचाच तिला जास्त संताप आला. अकरावीत ती इंग्रजीत पहिली आली, तेव्हा आईने गल्लीभर मिरवलं होतं. आता त्याच इंग्रजीची शिडी लावून आई दोन वर्षांसाठी परक्याचं बाळ सांभाळायला निघाली होती, आणि शिडी धरायची कुणी, तर वेनिंगने. वर सगळ्यांनी ऐकवायचं, तुझ्याच कॉलेजसाठी जातेय हो ती! कुणी सांगितलं होतं जायला?

"खाली काय बघतेस? मॅडम बोलते तेव्हा हात थांबले पाहिजेत. हे असलं इंग्रजी शिकवणार माझ्या बाळाला?"

"सॉरी, मॅडम."

"ताठ बस!"

"येस, मॅडम."

मॅडम झालं की रागाला रान मोकळं मिळत होतं. आई निमूटपणे ऐकत होती, म्हणून तर वेनिंग आणखीच पेटली. तिने यादी उलटी करून पातेल्याखाली सारली.

"तुला मुलगी आहे ना? सोळा वर्षांची?"

"येस, मॅडम."

"ती खूप आजारी पडली, तर काय करशील?"

हा प्रश्न यादीत नव्हता. सुमार्तीचे हात थांबले. मग हात सारोंगला पुसून, ओढ्यातल्या दगडांवर जपून पाय ठेवावा तसा एकेक शब्द ठेवत म्हणाली,

"इफ शी फेल सिक, आय वुड कम होम."

आजारी पडली, तर घरी येईन. एकही चूक नव्हती.

वेनिंगने पळी पातेल्यात ठेवली.

"बरोबर आलं?" आईने विचारलं.

"हे उत्तर दिलंस तर ते तुला घेणार नाहीत."

"ते कळतंय गं मला. मग काय सांगू?"

वेनिंगने आता आईला तसंच नापास होऊ दिलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. तिने पातेल्याखालची यादी ओढली. विसाखाली एकवीस घातला आणि आईने द्यायचं उत्तर इतक्या जोराने लिहिलं की कागद दोन ठिकाणी फाटला. माझी बहीण तिची काळजी घेईल. इंग्रजीत, सगळे कपडे व्यवस्थित घालून.

"हे पाठ कर," ती आईकडे न बघता म्हणाली. "आणि म्हणताना हस."