भाजलेली कुंडी

मनुबाईने कुंडी जाळली, त्या दिवसापासून विश्रामने तिच्याकडून मासळी घेणं बंद केलं होतं.

तिने मुद्दाम केलं नव्हतं. डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला, विश्रामच्या तळमजल्यावरच्या घरामागे हातभर अंगण होतं. तिथली कुंडी मनुबाईला रिकामी दिसली. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजून राब करतात, तसा तिने मातीवर सुका पाला आणि गोवरीचा चुरा पसरून पेटवला. म्हणाली, "भाऊ, आता मिरची टाका. बघा कशी येते."

त्या मातीत उत्तराने, विश्रामच्या बायकोने, पेरलेलं बी होतं. ती शाळेत शास्त्र शिकवायची. शहाऐंशी साली निलगिरीत, वणव्याने काळ्या पडलेल्या उंच माळावर तिला पिवळ्या फुलांचं झुडूप दिसलं होतं. सबंध डोंगरावर एकच. तिथल्या वनरक्षकाने तिला चार सुकी बोंडं दिली. दोन तिने पेरली, तीन वर्षं पाणी घातलं, पण कोंब आला नाही. गेल्या पौषात ती वारली. आजारपणात तिने दोनदा विचारलं, "उगवलं का हो?" दोन्ही वेळा विश्राम नाही म्हणाला. त्याला खोटं बोलता यायचं नाही.

आता तर बी भाजूनच निघालं होतं. तरी रोज सकाळी तो एक तांब्या पाणी घालायचाच. हाताला सवय लागली होती.

विसाव्या दिवशी राखेत हिरवं काहीतरी दिसलं. त्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दोन इवली पानं. महिन्याभरात आठ झाली, समोरासमोर. विश्राम दिवसातून दहादा मागे जाऊ लागला. दोनदा चहा उतू गेला.

मनुबाई दारात टोपली टेकवत म्हणाली, "तण हाय ते. उपटा."

"हात लावू नका."

"बोललात म्हनायचं माज्याशी."

उत्तराच्या वहीत त्या झुडपाबद्दल लिहिलेलं होतं: पान उजेडात धरलं की सुईने टोचल्यासारखे ठिपके दिसतात. पान तोडायला विश्रामचं मन होईना. त्याने उत्तराचा कुंकवाचा आरसा आणून पानाखाली तिरका धरला. ऊन खालून वर आलं. पण चष्मा लावूनही त्याला काही नीट दिसेना.

"मनुबाई, तुमचे डोळे चांगले. जरा बघा."

ती गुडघ्यावर बसली. "भोकं पाडलीत काय? बारीक बारीक. सगल्या पानाला."

विश्राम तिथेच अंगणात बसला.

"डोंगरावर वणवा लागतो," तो म्हणाला. "बी आगीचीच वाट बघत होतं. आम्ही नुसतं पाणी घालत बसलो."

"मग? आमी काय उगाच भाजतो?"

"अजून दोन बोंडं आहेत. उद्या पाला आणाल?"

"आनीन. आज बोंबील घ्या पयले. दोन महिने उपाशी ठेवलंत मला."

ताट आणायला विश्राम आत गेला. उत्तराच्या फोटोसमोर थांबला.

"उगवलं," त्याने सांगितलं.

"ताट आनताय, का मी जाऊ?" मनुबाई बाहेरून ओरडली.