अकरावा नग

मी एक शिलाई मशीन. काळी, पायाने चालणारी, वयाने या घरातल्या सगळ्यांहून मोठी. बातमी आली तो साधा मंगळवार होता. खोलीत दोरीवर दोन शर्ट वाळत होते. घरधन्याचा धाकटा भाऊ फोन कानाला लावूनच आत आला.

"वहिनी, दादा गेला. सकाळी, ऑफिसच्या जिन्यात. हो... कुणाला काही कळायच्या आत."

फोन ठेवून त्याने शर्टांच्या घड्या केल्या. कुठे ठेवायच्या ते न सुचून माझ्यावर ठेवल्या.

ही वहिनी म्हणजे माझी मालकीण. तिच्या आईने माझ्यावर जन्मभर लोकांचे कपडे शिवले, मग मी लेकीबरोबर या घरात आले. ती घाईत असली की दोरा दातांनी तोडायची. नवरा म्हणायचा, "कात्री काय शोभेला ठेवलीय?" पुढे असं बोलणं थांबलं. त्यांचं कशावरून बिनसलं ते मला सांगता येणार नाही. भिंतीपलीकडचं अर्धंच ऐकू येतं. लेकीला घेऊन ती गेली, तेव्हा माझ्या सुईखाली त्या पाच वर्षांच्या पोरीचा पिवळा फ्रॉक होता. एक बाही लागली होती.

घटस्फोटाचा दावा दाखल झाला. सामानाची यादी करायला दोघं आली, दोघांचे वकीलही आले. यादीत मी अकरावा नग.

"ही तिचीच आहे," नवरा म्हणाला. "आजच नेऊ दे. मी काय शिवणार?"

"साहेब, एक टाका सोडला की सगळी यादी उसवते," त्याचे वकील म्हणाले.

तिच्या वकीलबाईंनी तिला बाजूला घेतलं. "ताई, एवढ्यावर गप्प बसलात तर बाकीच्यावर पाणी सोडावं लागेल."

दोघांनी आपापल्या वकिलाकडे पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं असतं, तर मी त्याच दिवशी टेम्पोत चढले असते.

ती दोघं गेल्यावर वकील कागद आवरत मागे राहिले.

"पुढची तारीख लांबचीच घेऊ या?"

"घ्या. हे दोघं समजुतीने वागायला लागले तर आपण काय शिवणकाम करायचं?"

हसले दोघंही. दुष्ट नव्हते ते. त्यांची घरं तारखांवर चालत होती, एवढंच.

मग कोर्टाचा हुकूम आला, 'जैसे थे'. निकालापर्यंत एकही वस्तू हलवायची नाही. सात वर्षं मी हलले नाही.

बातमीनंतर चार दिवसांनी ती आली. आता आईच्या खांद्याएवढी झालेली लेक दारातच थांबली. मालकिणीने माझं चाक हलकेच फिरवलं. ते सुरळीत फिरलं. तिने बोटांना लागलेलं तेल पाहिलं.

"तेल कोण घालत होतं?"

"दादाच. दर रविवारी," दीर म्हणाला. "म्हणायचा, जाम झाली तर ती माझ्या नावाने खडे फोडेल."

तिने चाक पुन्हा एकदा फिरवलं.

"घेऊन जा ना आता, वहिनी."

"वकीलबाईंना विचारून सांगते," ती म्हणाली. सात वर्षांची सवय. म्हणाली आणि स्वतःच खाली बघत राहिली.

वेगळं व्हायचं असेल तर व्हा, माणसांनो. पण जे एका वाक्यात देता येतं, ते देताना तरी तिसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका.

मी अजून इथेच आहे. दुसरी बाही लावायची राहिली आहे.